दोन रकाने

फोनवरच्या यादीत प्रत्येक नावापुढे दोन चौकोन.
एकात पोट. दुसऱ्यात ओळख.
दे मॉइनहून आलेला कॉलबी समजावून गेला :
या दारात पगाराचं बोला, त्या दारात हक्कांचं,
उलटं बोललात तर मत गेलं.
पोरगा हुशार आहे. आकडे त्याला तोंडपाठ.
बूट मात्र इतके पांढरे
की आमच्या गल्लीतून अजून चाललेले नाहीत.

पहिलं दार लव्होन टिब्सचं. यादी म्हणते : ओळख.
मी सुरू केलं – मतदार यादीतून गाळलेली नावं,
पोलिसांच्या अंगावरचे कॅमेरे.
तिनं शेवटपर्यंत ऐकलं,
लांबलेलं प्रवचन ऐकावं तसं.
मग म्हणाली, "हे मला तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे, पोरी.
इन्सुलिनचं सांग.
आणि सात नंबरची बस कोणी बंद केली, तेही."

व्हर्लिन हासकॅम्प. यादी म्हणते : पोट.
गॅरेजमध्ये गवत कापायचं यंत्र उघडून बसलेला,
हात कोपरापर्यंत काळे.
तासाला दोन डॉलर जास्त, म्हटलं मी.
"ते तीन म्हणतात," तो म्हणाला, वर न बघता.
ओव्हरटाइम, पेन्शन, बंद पडलेली ट्रॅक्टरची फाउंड्री –
प्रत्येक शब्दाला एक नट फिरवत राहिला.
मग नातवंडाचं काढलं त्यानं.
नवं नाव रोवन. सर्वनामापाशी तो अडखळला,
मागे आला, पुन्हा अडखळला.
"शाळेत दिवसभर पाणी पीत नाही.
कुठल्या संडासात जायचं यावरून मारतात म्हणून.
तुमच्या कागदात त्यावर काय आहे?"

मी कागद उलटा केला. सुलटा केला.
होता तो परिच्छेद, मीच टाइप केलेला.
या दारासाठीच्या प्रतीतून
कॉलबीनं काढून टाकला होता.

पुढचं दार उघडलं नाही.
त्यापुढचं उघडलं आणि लागलं,
मधे एवढंच ऐकू आलं : "तुमचं काय, तळ्यात-मळ्यात."

इफ्राह रात्रपाळीहून आलेली, डोळ्यांत झोप.
ती कारखान्यात माझ्याच जुन्या जागेवर उभी राहते,
पट्ट्याच्या डावीकडे, चौथा सुरा.
माझ्या वेळी मिनिटाला जेवढे तुकडे येत
त्याच्या दीडपट येतात आता.
"सुट्टी दहा मिनिटांची," ती म्हणाली,
"हातमोजे, साखळीचा एप्रन काढायलाच चार जातात.
उरलेल्या सहात नमाज, नाहीतर लघवी.
पंधरा मिळतील का?"
सांग कॉलबी, हे कुठल्या चौकोनात घालू?

मी सेनादा. माझ्या पहिल्या गावात
लोक आधी नाव विचारत.
एका उन्हाळ्यात नाव सांगणं पुरेसं झालं,
भाऊ ट्रकमध्ये चढला तो चढला.
इथे आले तेव्हा नाव कोणी विचारलंच नाही.
हेल्मेटवर आकडा होता, ३१८.
किती सुटल्यासारखं वाटलं मला!
मनगट गेलं तेव्हा कळलं,
आकड्याला मनगट नसतं.
म्हणून कोणी म्हणालं आधी भाकरी, नावाचं मग बघू,
की मी मान हलवते आणि माझा हात दुखतो.
आणि कोणी म्हणालं आधी नाव,
तरी तोच हात.

संध्याकाळी ऑफिसात गार पिझ्झा,
भिंतीवर एकोणीस दिवस उरल्याचा कागद.
मी इफ्राहपुढचे दोन्ही चौकोन भरले.
फोन म्हणाला : एकच निवडा.
पुन्हा भरले.
एकच निवडा.
कॉलबी शेजारी येऊन बसला. त्याला वाटलं, मला जमत नाही.
"दोन्ही सगळीकडे बोललो तर कोणालाच ऐकू जात नाही, सेनादा.
मागच्या वेळी तसंच हरलो."
तो खोटं बोलत नव्हता.
मागच्या वेळी मीही होते.

बूट पुसत होता तो, टिश्यू पेपरनं.
चिखल होता बुटांवर. म्हणजे आज तोही हिंडला होता कुठेतरी.
मी विचारलं नाही.

उद्या व्हर्लिनकडे परत जायचंय.
काय बोलायचं ते ठरलेलं नाही.
मत देईल असंही वाटत नाही.
कागद नेणार नाही.
त्याचं यंत्र उघडं पडलंय अजून,
एक बाजू धरायला माणूस लागेल.